रेडिओनंतरची चर्चा

१९५६ साली पुणे नभोवाणी केंद्रानं पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग केला. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. गावोगावी वीसेक जणांचं श्रोता मंडळ रेडिओभोवती जमायचं. कार्यक्रम संपला, की खरं काम सुरू व्हायचं. ऐकलेलं आपल्या गावाला कितपत लागू पडतं, यावर चर्चा रंगायची. चिटणीस टिपणं घ्यायचा, शंका पुण्याला कळवायचा आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची. मूळ कल्पना कॅनडातली. तिथे १९४१पासून शेतकऱ्यांचे गट याच रीतीनं ऐकत, बोलत आणि कामाला लागत होते.

पुण्याच्या प्रयोगाला युनेस्कोचं पाठबळ होतं आणि त्याचं मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं. या मोजमापाची धुरा पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाकडे होती. नाझींच्या डाखाउ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटलेला हा माणूस मराठी खेड्यांतल्या चर्चांचा अभ्यास करत होता. मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि दोन्ही नसलेली अशी तिन्ही प्रकारची गावं त्यानं ताडून पाहिली. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे माहितीत जेमतेम भर पडली. मंडळांच्या गावांत मात्र ती कितीतरी वाढली, निरक्षरांचीसुद्धा. काही गावांनी विहिरी खणल्या, जातिवंत वळू आणले, बालवाड्या काढल्या. ऐकण्याला बोलण्याची जोड मिळाली तिथेच गाव हललं, ही या प्रयोगाची सर्वांत मोलाची शिकवण.

१९५९मध्ये श्रोता मंडळांची योजना देशभर गेली. पुढे तिचा जोर ओसरला.

बोलण्याची हक्काची जागा आज कायद्यातच आहे, ती म्हणजे ग्रामसभा. महाराष्ट्रात गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे पुरतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभाही घ्यावी लागते. तरीही अनेक गावांत चित्र ओळखीचंच असतं. नोटीस फलकावर लागते, दवंडी होते, ठरल्या वेळी मोजकी डोकी जमतात आणि सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग सूचक-अनुमोदकांची नावं लिहून ठराव मंजूर होतात. गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. विषयपत्रिकेतला 'आराखडा' म्हणजे नेमकं काय, हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. माहितीच नसेल, तर माणूस तिथे बोलणार तरी काय?

ती माहिती पोचवायला सामुदायिक रेडिओ, म्हणजे परिसरापुरतं छोटं नभोवाणी केंद्र, आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये सांगितलं. २००६च्या धोरणामुळे स्वयंसेवी संस्थांना केंद्रं काढता आली. साताऱ्यातल्या म्हसवडचं 'माणदेशी तरंग' दुष्काळी माणच्या बायाबापड्यांशी त्यांच्याच बोलीत बोलू लागलं. पण धोरणात एक मोठी मेख आहे. आकाशवाणीच्या बातम्या लावण्यापलीकडे या केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडी वर्ज्य आहेत. नळाला पाणी किती वाजता येणार, हे सांगता येतं. पाणीयोजना का रखडली, यावर सरपंच आणि गावकऱ्यांना समोरासमोर बसवायचं, तर केंद्रचालकाला परवान्याची धास्ती. शंभर वॅट प्रक्षेपणशक्तीच्या केंद्राला, ज्याचा आवाज तालुकाही धड ओलांडत नाही, एवढं घाबरण्यासारखं काय आहे?

आधी समजून घ्यायचं आणि मग ठरवायचं, ही रीत गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं रेडिओशिवायच रुजवली. तिथे अभ्यासगट विषय तपासून घेतो आणि ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते. याच बळावर २००९मध्ये गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

मेंढा गावासारखी तयारी प्रत्येक गावाची नसते. जिथे ती नसते, तिथे परिसरातलं सामुदायिक रेडिओ केंद्र हे काम करू शकेल. सभेच्या आठवडाभर आधी विषयपत्रिका सोप्या भाषेत वाचून दाखवायची, महिला सभेतल्या मागण्या ऐकवायच्या आणि सभेनंतर कुठला ठराव कुठे अडला, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला जाहीरपणे विचारायचं. त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. स्थानिक घडामोडींवरची बंदी तेवढी उठायला हवी.