टोपणनावाने लिहिलं की कोण ओळखतंय?

नोकरीतल्या अनुभवांवर लिहिणारे हल्ली सगळीकडे आहेत. तलाठी आहेत, परिचारिका आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, पोलीस तर आहेतच. त्यांतल्या कुणालाही जरा जपून लिहा म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "अहो, मी कुठे खऱ्या नावाने लिहितोय!" हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा सविस्तर सांगून टाकतो.

आधी नियम. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधला नववा नियम काढून वाचा. सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका ठरेल असं विधान कर्मचाऱ्याने करायचं नाही. मग ते स्वतःच्या नावाने छापा, निनावी छापा, टोपणनावाने छापा किंवा दुसऱ्या कुणाच्या नावावर छापा. चारही प्रकार नियमात नाव घेऊन लिहिलेले आहेत. ज्या पळवाटेच्या भरवशावर केंद्र सरकारचे कर्मचारी बिनधास्त लिहितात, ती बुजवलेली आहे. नियम वाचायची तसदी मात्र कुणी घेत नाही.

"पण सापडलो तर ना!" हा पुढचा मुद्दा. सापडायला नाव लागतच नाही. 'आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली रात्रपाळी' एवढं लिहिलं, त्यात पावसाळ्यात वाहून गेलेला पूल आला, नुकत्याच बदलून गेलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा स्वभाव आला, की तालुक्यात लिहिणारा कोण हे दुपारच्या चहापर्यंत ठरतं. अनुभव जितका जिवंत उतरेल तितका लेखक जास्त ओळखू येतो. यावर तोडगा नाही, कारण ते तपशील काढले तर वाचायला काही उरत नाही.

इंग्लंडमधलं 'नाइटजॅक' प्रकरण याबाबतीत डोळ्यांत अंजन घालणारं आहे. लँकेशायर पोलिसांतला तपास अधिकारी रिचर्ड हॉर्टन 'नाइटजॅक' या टोपणनावाने पोलिसी कामाबद्दल इंटरनेटवर लिहीत असे. लिखाण इतकं कसदार की 2009 च्या एप्रिलमध्ये त्याला ऑर्वेल पुरस्कार मिळाला. गाजावाजा झाला, तसं 'द टाइम्स'चं लक्ष गेलं. आपलं नाव छापू नये म्हणून तो कोर्टात गेला. न्यायमूर्ती ईडी यांनी जूनमध्ये नकार दिला; असं लिहिणं ही मुळातच सार्वजनिक कृती आहे, त्यात खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नाव छापून आलं, लिखाण पुसून टाकावं लागलं आणि खात्याने लेखी ताकीद दिली. उपलब्ध माहिती जुळवून आपण माग काढला, असं बातमीदार तेव्हा भासवत होता. प्रत्यक्षात त्याने हॉर्टनच्या ई-मेलमध्ये घुसखोरी केली होती, हे 2012 मध्ये बाहेर आलं आणि वृत्तपत्राला साडेबेचाळीस हजार पौंड भरपाई द्यावी लागली. भरपाई मिळाली, टोपणनाव गेलं ते गेलंच.

आणि इथे फक्त तुमचं नाव पणाला लागलेलं नसतं. "पेशंटचं नाव बदललंय की!" असं डॉक्टर मंडळी अगदी निरागसपणे सांगतात. डॉक्टरांसाठीची 2002 ची आचारसंहिता नावापुरतं बोलत नाही. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करण्यावर तिचा आक्षेप आहे. पोलीस, शिक्षक आणि समुपदेशकांनी आणखी जपायला हवं. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. प्रकरणात अडकलेल्या मुलांच्या बाबतीत बालन्याय कायद्याचं कलम 74 नाव, पत्ता, शाळा आणि ओळख पटवणाऱ्या इतर तपशिलांनाही मनाई करतं. 'नाव बदलले आहे' या कंसातल्या ओळीने यातलं काहीही माफ होत नाही.

'मते वैयक्तिक' ही पाटीही तशीच. केंद्राच्या आठव्या नियमानुसार पुस्तक लिहिणाऱ्या किंवा माध्यमांत बोलणाऱ्या कर्मचाऱ्याने मतं आपली आहेत, सरकारची नाहीत, हे स्पष्ट करायलाच हवं. म्हणजे ती पाटी हे तुमचं कर्तव्य आहे. तिने नववा नियम रद्द होत नाही.

एवढं वाचून "म्हणूनच मी म्हणतो, लिहूच नये" असं म्हणणारे काका लगेच पुढे येतील. त्यांचाही गैरसमजच आहे. सरकारी नोकर झाल्याने मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद खटल्यात 1962 सालीच सांगितलं. त्रिपुरा उच्च न्यायालयाने 2020 मध्ये फेसबुकवरच्या मजकुराच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं, अर्थात वर्तणूक नियमांच्या चौकटीत. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरची. लेखक प्रशासकीय सेवेत असताना ती आली आणि 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार घेऊन गेली. यवतमाळ जिल्ह्यातून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांचा मुलगा अतुल गावंडे बोस्टनमध्ये शल्यचिकित्सेचं प्रशिक्षण घेत असतानाच डॉक्टरांच्या चुकांवर खऱ्या नावाने लिहू लागला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेसाठीची तपासणी यादी तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व त्याच्याकडे आलं. कामाबद्दल उघडपणे विचार करणारा माणूस कामात मागे पडतो, असं निदान इथे तरी दिसत नाही.

महाराष्ट्रात सरकारी नोकरांना आता लिहायला बंदीच आहे, ही नवी आवई. 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयात तसं नाही. कामाच्या यशाबद्दल लिहायला मुभा आहे, आत्मप्रौढी नको. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा. रीलमध्ये सरकारी गाडी, गणवेश, बोधचिन्ह नको. (आत्मप्रौढी कुठे सुरू होते हे कोण ठरवणार, हा प्रश्न रास्त आहे.)

किरकोळ गैरसमज भराभर उरकतो. व्हॉट्सॲप स्टेटस 'निवडक लोकांनाच' दिसतं: स्क्रीनशॉट त्या निवडक लोकांपैकीच कुणीतरी काढतो. खासगी कंपनीत राज्यघटनेचं कलम 19 वाचवेल: ते मुख्यतः सरकारला बांधतं, कंपनीशी तुमचं नातं करारानं ठरतं, तेव्हा गोपनीयतेचं कलम सही करण्याआधी वाचा. मी लिहिलं म्हणजे माझंच: नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार नोकरी देणाराच. घोटाळा जाहीर लिहिला की जागल्यांचा कायदा पाठीशी असतो: 2014 चा तो कायदा मंजूर होऊन वर्षानुवर्षं अमलात आलेलाच नाही, आणि आला तरी त्याचं संरक्षण सक्षम अधिकाऱ्याकडे तक्रार करणाऱ्याला आहे, फेसबुकवर लिहिणाऱ्याला नाही.