खुराड्यातलं म्हातारपण (९) : पोट खाली आलेली कोंबडी

जंतांवर लिहायचं ठरलं होतं. जंत आठवडाभर थांबतील. कागलकडच्या एका मावशींची कोंबडी थांबणार नाही.

त्यांचा फोन शनिवारी सकाळी आला. "माझी पांढरी बदकागत चालतीया. पोट लई खाली आलंया. शेजारची म्हणत्यात माजलीया, कापून टाक. कापू का?"

म्हटलं, आधी तिला उचला आणि छातीचं मधलं हाड चाचपून बघा. फोन तसाच ठेवून त्या गेल्या. लांबून कोंबडीचा आरडाओरडा ऐकू आला. परत आल्या त्या म्हणाल्या, "सुरीगत लागतंय."

मग ती माजलेली नाही. माजलेल्या कोंबडीच्या छातीवर मांस असतं, हाड बोटांना शोधावं लागतं. छाती वाळलेली आणि पोट मात्र घागरीसारखं, हे दोन्ही एकाच वेळी दिसलं की समजावं, पोटात जे भरलंय ते चरबी नाही. नुसत्या डोळ्यांना ही कोंबडी गुबगुबीत दिसते. पिसं फार खोटं बोलतात. म्हणून तर या लेखमालेत मी पहिल्या हप्त्यापासून हात लावा, हात लावा म्हणतोय.

हात लावायची वेळ संध्याकाळची, कोंबड्या आत चढल्यावर. मागच्या बाजूला, दोन्ही पायांच्या मधे, शीट पडते त्या जागेखाली तळवा अलगद टेकवायचा. निरोगी कोंबडीचं पोट तिथं मऊ आणि सैल लागतं. पाण्याची पिशवी हलल्यासारखं लागलं तर पाणी साचलंय. मळलेल्या कणकेसारखं लागलं तर बहुतेक बलकाचे गोळे. कडक आणि एकसारखं गोल असेल, कोंबडी कुंथत असेल, शेपूट वरखाली करत असेल, तर अडकलेलं अंडं. त्यावर दोन आठवड्यांपूर्वी लिहिलंय. कडक पण वेडंवाकडं, गाठीगाठींचं लागलं तर बातमी वाईट आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. पोट बघायचं म्हणून कोंबडीला उताणी करू नका. माणसाला छाती आणि पोट यांच्यामधे पडदा असतो, कोंबडीला तसला नाही. उताणी केली की पोटातलं सगळं पाणी श्वासाच्या पिशव्यांवर येतं. हे मी पुस्तकात वाचण्याआधी शिकलो. माझी तांबडी मी अशीच उताणी करून अंगणात मांडीवर घेतली होती, नीट उजेडात बघावं म्हणून. दोन मिनिटांत मान टाकली तिनं. आजारानं ती महिनाभरात गेलीच असती. पण गेली ती माझ्या हातून.

आता हे पोट भरतं कशानं? ज्यांनी रश्श्यासाठी घरी अंड्यावरची कोंबडी साफ केलीय त्यांना आतली माळ ठाऊक आहे : मोहरीएवढ्या दाण्यापासून पूर्ण बलकापर्यंत लहानमोठे पिवळे मणी. ही माळ डाव्या बाजूलाच असते, उजवीकडचं अंडाशय वाढतच नाही. पिकलेला बलक माळेतून सुटतो आणि अंडनलिकेच्या तोंडाशी असलेलं नरसाळं तो झेलतं. मग दोन फुटांहून लांब नळीतून त्याचा प्रवास चालतो. वाटेत पांढरं चढतं, पातळ पापुद्रा चढतो आणि शेवटचे वीसेक तास कवच चढण्यात जातात. सगळं मिळून साधारण एक दिवस. तरण्या कोंबडीत नरसाळं सहसा चुकत नाही. म्हातारीत चुकतं. बलक नळीत जाण्याऐवजी पोटात पडतो. एखाददुसरा बलक शरीर जिरवून टाकतं. पण तोवर खालून नळीत चढलेले ई-कोलाय जंतू त्याला भेटले, तर त्यांना याहून चांगलं जेवण मिळायचं नाही. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज येते, पाणी सुटतं, कोंबडी बदकागत चालू लागते.

मावशींना मी विचारलं, शेवटचं अंडं कधी? "दिवाळीत. ते बी कवचाबिगर." म्हणजे खूण मिळून गेली होती. म्हातारी कोंबडी पातळ कवचाची, सुरकुतलेली, बिनकवचाची अंडी द्यायला लागली की आपण शिंपल्याचा चुरा वाढवतो आणि सुटलो म्हणतो. कधी कधी तेवढंच कारण असतंही. पण चुरा मिळत असूनही दोन-तीन आठवडे तसंच चाललं तर बिघाड कवचात नाही, नळीत आहे.

मग विचारलं, कोंबडी कुठली? पोल्ट्रीतनं काढलेली, गावात विकायला आली होती, दीड वर्षापूर्वी घेतली. आणि खुराडं? गोठ्यात. रात्री बल्ब? "रातभर असतोय की. मुंगूस येतंय."

इथं मी खुर्चीत सरळ बसलो.

कोंबडी अंडं घालते ती दिवसाच्या लांबीवर. उजेड डोळ्यांतून तर जातोच, कवटीतूनही थेट मेंदूपर्यंत पोचतो, आणि दिवस मोठा आहे असं वाटलं की मेंदू अंडाशयाला कामाला लावतो. पोल्ट्रीवाले सोळा तास उजेड देतात तो यासाठीच. आपल्या कोल्हापुरात सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर आणि सर्वांत लहान अकराच्या थोडा वर. म्हणजे थंडीत अंडी कमी होणं ही कोंबडीची हक्काची सुट्टी. मावशींच्या गोठ्यात ती सुट्टीच नव्हती. आधीच वर्षाला तीनशेच्या वर अंडी घालणाऱ्या जातीची, त्यात दीड वर्ष मावळलेलं नाही.

आणि इथून मी माझ्या आवडत्या आडवाटेला लागतो. पाळीव कोंबडीची आजी म्हणजे तांबडी रानकोंबडी. ती वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, उबवते, पिल्लं फिरवते. (दाजीपूरच्या जंगलात आरवतो तो राखी रानकोंबडा, तो वेगळा. पण आपल्या कोंबड्यांच्या कातडीचा आणि पायांचा पिवळेपणा त्याच्याकडून आलाय, असं २००८ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं.) आपली गावठी वर्षाला पन्नास-साठ घालते आणि मधेच खुडूक होते. एकवीस दिवस अंड्यांवर, पुढं पिल्लांमागं दीड-दोन महिने. तेवढे दिवस तिची ती माळ आकसून जाते. आणि आपण काय करतो? खुडूक मोडतो. पाण्यात बुडव, डालग्याखाली कोंड, एवढंच काय, नाकात पीस खुपस. चार अंडी जास्त मिळावीत म्हणून.

१९७१ साली फतल्ला नावाच्या इजिप्शियन डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मधे एक छोटं टिपण लिहिलं. बाईच्या अंडाशयातून दर महिन्याला, विश्रांतीशिवाय बीज फुटत राहणं हेच तिथल्या कॅन्सरचं एक कारण असेल का, असा त्यांचा प्रश्न. कोंबडी हा त्या प्रश्नाचा चालताबोलता दाखला आहे. अंडाशयाचा कॅन्सर आपोआप, आणि तोही भरपूर होणारे प्राणी फार थोडे. कोंबडी त्यातली एक, म्हणून माणसाच्या त्या आजाराच्या अभ्यासात तिला धरतात. दुसऱ्या वर्षानंतर प्रमाण वाढत जातं. गाठीगाठींचं पोट म्हटलं ते हेच. त्यातही पाणी होतं, आणि बाहेरून ते बलकाच्या पाण्यापासून वेगळं ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

माझं मत सरळ आहे : घरच्या कोंबडीची खुडूक मोडू नये. पोल्ट्रीवाल्यांचं गणित वेगळं असतं, ते त्यांनी बघावं.

उपचार. मावशींना म्हटलं, आज रात्रीपासून बल्ब बंद, आणि मुंगसासाठी खुराड्याला बारीक जाळी आणि कडी. परदेशात पाळीव कोंबड्यांना अंडी थांबवणारं औषध कातडीखाली बसवतात. आपल्याकडे अंधार, तो फुकट आहे. दुसरं, पशुवैद्यकीय दवाखाना. "दोनशेच्या कोंबडीला पाचशेचा खर्च कशाला?" असं मला एका डॉक्टरांनी तोंडावर ऐकवलंय, पण बघणारेही भेटतात. सुईनं काढलेलं पाणी गवताच्या काडीच्या रंगाचं आणि स्वच्छ असेल तर काळीज, हृदय किंवा गाठ यांचा संशय. गढूळ, पिवळं, वासाचं असेल तर बलक सडलाय, तिथं अँटिबायोटिक आणि वेदनाशामक लागतं. सगळं पाणी एका दमात काढायचं नसतं, धक्क्यानं कोंबडी जाते. घरी सुई घेऊन बसू नका. दुकानातून कुणीतरी सांगितलेली पुडी पाण्यात कालवू नका. यातलं कोलिस्टिन तर २०१९ पासून खाण्याच्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी बंदच केलंय, कारण माणसांच्या दवाखान्यात ते शेवटचं हत्यार आहे. औषध चालू असताना आणि पुढं डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत.

आणि हो, रश्शाला चालेल का? हे कोल्हापूर आहे, प्रश्न येणारच. नाही चालणार. पोटात पू झालेली, औषध टोचलेली कोंबडी तांबड्यातही नको आणि पांढऱ्यातही नको.

दोघा-तिघांनी घाबरून विचारलंय, हा बर्ड फ्लू तर नव्हे? महिनाभर एकटीच कुढत बसलेली म्हातारी म्हणजे बर्ड फ्लू नव्हे. २००६ साली नवापूरला आला तेव्हा शेडच्या शेड भराभर आडवे झाले होते. तशा एकाएकी बऱ्याच मेल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवायचं, कापून बघायचं नाही.

मावशींचा बुधवारी पुन्हा फोन. डॉक्टरांनी पाणी काढलं, थोडं ठेवून. गढूळ होतं. गोळ्या सुरू आहेत, मक्याचा भरडा खातीया. बरी होईल का, विचारलं. सांगितलं, या आजारात पुष्कळ जणी बऱ्या होऊन पुन्हा तिथंच येतात, बल्ब लावला तर नक्की येतात. "मग अंडं?" म्हटलं, ते विसरा. पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "अंडं काय, जाऊंद्या. पण मुंगसाच्या जाळीचं सांगा, केवढ्या भोकाची आणू?"

अर्ध्या इंचाची. खालून वीतभर जमिनीत पुरायची.

जंत पुढच्या आठवड्यात. पपईच्या बियांबद्दल तिघांनी विचारलंय, तेही तेव्हाच.