राजाला बांधणारी सनद

पावसाने झोडपले आणि राजाने मारले, तर दाद कुणाकडे मागायची? ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाऊस कुणाच्या हातचा नाही. पण राजाचे काय? त्याला जाब विचारणारा कुणीच नाही का?

आठशे वर्षांमागे इंग्लंड देशात हाच सवाल उभा राहिला. तेव्हा तिथे जॉन नावाचा राजा होता. तो ११९९ साली गादीवर बसला. समुद्रापलीकडे फ्रान्सात त्याचा मोठा मुलूख होता. १२०४ साली फ्रान्सच्या राजाने त्यातला नॉर्मंडी प्रांत जिंकून घेतला. गेलेला मुलूख परत मिळवायचा, असे जॉनच्या मनाने घेतले. त्याला फौज हवी. फौजेला पैका हवा. तो कुठून आणायचा? सरदारांकडून आणि रयतेकडून.

सरदाराने लढाईला जायचे, नाहीतर त्याबद्दल पट्टी भरायची, अशी तिथली जुनी वहिवाट. जॉन ही पट्टी वरचेवर बसवू लागला. बाप मेला की जहागिरीसाठी मुलाने राजाला नजराणा द्यायचा. तो किती, याला धरबंध नाही. नवरा मेला तरी विधवेची सुटका नाही. राजा म्हणेल त्याच्याशी तिने लग्न लावायचे, नको असेल तर पैसे मोजायचे. देणे थकले की जमीन जप्त!

विल्यम द ब्रोझ नावाचा एक बडा सरदार होता. त्याचे देणे थकले. राजाची मर्जी फिरली. तो देश सोडून पळाला, पण त्याची बायको आणि मुलगा राजाच्या हाती लागले. १२१० साली मायलेक कैदेत उपाशी मेले. ना चौकशी, ना निवाडा. बड्यांची ही गत, तर गरिबाला कोण विचारतो?

१२१४ साली फ्रान्सात जॉनच्या बाजूचा पुरता पराभव झाला. पैसाही गेला आणि मुलूखही गेला. मग सरदार उठले. १२१५ च्या मे महिन्यात त्यांनी लंडन शहर ताब्यात घेतले. राजाला नमते घ्यावे लागले. थेम्स नदीच्या काठी रनीमीड नावाचे कुरण आहे. तिथे १५ जून १२१५ रोजी राजाने सरदारांच्या अटी कबूल केल्या. राजाने सही केली, असे पुष्कळ जण सांगतात. ते काही खरे नाही. राजाची मोहोर लावली होती. आणि कागद तरी कुठला? कमावलेल्या कातड्यावर लॅटिन भाषेत लिहिलेली सनद ती. तिच्या चार प्रती आजही इंग्लंडात जपून ठेवल्या आहेत.

त्या सनदेत काय होते? आज मोजले तर ६३ कलमे भरतात. पुष्कळशी सरदारांच्या फायद्याची. पण काही वाचताना आपल्याच गावची गोष्ट वाटते. किल्लेदाराने कुणाचे धान्य घेतले तर पैसे लगेच द्यावेत. राजाच्या अंमलदाराने मोकळ्या माणसाचा घोडा किंवा गाडी त्याच्या खुशीवाचून ओढून नेऊ नये. धान्याचे आणि दारूचे माप साऱ्या देशात एकच असावे. दंड गुन्ह्याच्या मानाने करावा, आणि शेजारच्या भल्या माणसांनी शपथेवर तो ठरवावा. दंडापायी कुळाची शेती मोडू नये. विधवेवर लग्नाची जबरी करू नये. लढाईपट्टी बसवायची तर आधी देशातल्या प्रमुखांचा सल्ला घ्यावा.

सगळ्यांत मोठे कलम आणखी निराळे. बरोबरीच्या लोकांच्या निवाड्यावाचून किंवा देशाच्या कायद्यावाचून कुणाही मोकळ्या माणसाला पकडू नये, त्याची जमीन घेऊ नये, त्याला हद्दपार करू नये. लागूनच राजाचे वचन होते, की आम्ही न्याय विकणार नाही, नाकारणार नाही, लांबणीवर टाकणार नाही.

आता ‘मोकळा माणूस’ म्हणजे कोण, हे नीट बघा. तिथले पुष्कळसे शेतकरी तेव्हा जमिनीला जखडलेले होते. ते धन्याच्या शेतावर वेठ करीत. धन्याला विचारल्यावाचून त्यांना गाव सोडता येत नसे. ते मोकळे नव्हते. तेव्हा हे मोठे कलम त्यांच्यासाठी नव्हते. सरदारांनी भांडण केले ते आपल्यासाठी, हे लपवण्यात अर्थ नाही.

राजानेही वचन पाळले नाही. त्याने पोपकडे धाव घेतली. पोप म्हणजे ख्रिस्ती लोकांचे मोठे धर्मगुरू. त्यांनी २४ ऑगस्टला सनद रद्द केली. अवघ्या दहा आठवड्यांत सनद मेली, असेच कुणालाही वाटले असते. देशात लढाई पेटली. १२१६ साली जॉन मेला. त्याचा मुलगा हेन्री नऊ वर्षांचा होता. सरदारांना आपलेसे करायला हवे, म्हणून त्याच्या कारभाऱ्यांनी काही कलमे गाळून सनद पुन्हा काढली. १२१७ साली रानाची वेगळी सनद निघाली. राजाच्या रानातले हरिण मारले म्हणून यापुढे कुणाचा जीव घेऊ नये, हातपाय तोडू नयेत, असे तिच्यात होते. ही सनद लहान, म्हणून पहिलीला मोठी सनद, म्हणजे ‘मॅग्ना कार्टा’, म्हणू लागले. १२२५ साली हेन्रीला कर हवा होता. लोक म्हणाले, कर देतो, पण सनद दे. तेव्हा ती पुन्हा निघाली.

बहुतेक लोकांना वाचता येत नव्हते. म्हणून १२९७ साली असे ठरले, की मोठ्या देवळांतून सनद वर्षातून दोनदा लोकांपुढे वाचून दाखवावी. पुढे चारशे वर्षांनी राजे पुन्हा मनमानी करू लागले, तेव्हा वकिलांनी हीच सनद पुढे केली. १६२८ साली पार्लमेंटने राजाला लेखी बजावले, की कारण दाखवल्यावाचून कुणाला तुरुंगात ठेवू नये.

हेच इंग्रज इथे राज्य करायला आले, तेव्हा मात्र त्यांना आपली सनद आठवेना. १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना त्यांनी खटला न चालवता अटकेत ठेवले. त्यासाठी १८२७ सालचा एक जुना कायदा शोधून काढला.

आपली घटना २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. कायद्याच्या आधारावाचून कर बसवता येत नाही, असे तिचे २६५ वे कलम सांगते. कायद्याने ठरवलेल्या रीतीवाचून कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावता येत नाही, असे २१ वे कलम सांगते. त्यात ‘मोकळा माणूस’ असा शब्द नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ असे आहे. कुळ आले, मजूर आला, बाई आली, परदेशी पाहुणाही आला. त्याच्या पुढचे २२ वे कलम अटकेबद्दल आहे. ज्याला पकडले त्याला का पकडले ते सांगावे लागते. त्याला वकील करता येतो. आणि २४ तासांच्या आत त्याला जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. वाटेत जाणारा वेळ तेवढा त्यात धरीत नाहीत.