जुन्या फियाटची बॅटरी

आमच्या घरी वडिलांनी घेतलेली १९६८ सालची फियाट ११०० आहे. ती अजून चालते. म्हणजे चालवली तर चालते. तीन वर्षांत या गाडीने दोन नव्या बॅटऱ्या खाल्ल्या. दुसरी संपली ती ऑगस्टमधल्या एका रात्री. वडिलांना एकाएकी धाप लागली. दवाखान्यात न्यायचे म्हणून मी सेल्फ मारला, तर बॉनेटखालून नुसते 'टक्' झाले. त्या पावसात रिक्षा मिळवायला पंचवीस मिनिटे गेली. वडील बरे झाले. पण रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्याच्याच घरातली शिसे नि गंधकाम्लाची पेटी असा दगा देते याची मला मनापासून लाज वाटली. तिसरी बॅटरी घेण्यापूर्वी थोडा विचार करायचा असे ठरवले. तो विचार येथे मांडतो.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युत्घट तयार केला. आजची मोटारीची बॅटरी त्याच घराण्यातली. तिच्यात सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी रिकामी. वीज खर्च होते तेव्हा दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट बसते आणि आम्ल पातळ होत जाते. हे सल्फेट ताजे असते तोवर चार्जिंगने परत विरघळते. बॅटरी तशीच रिकामी पडून राहिली की त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, मग ते काही केल्या जात नाही. बॅटरी म्हातारी होऊन मरण्यापेक्षा अशी उपाशी राहूनच जास्त मरते.

आमच्या पहिल्या बॅटरीचे झाकण पक्के बंद होते. तिच्या पोटात काय चालले आहे ते कळायला मार्ग नव्हता. दुकानदाराने 'गेली' म्हटले, आम्ही दुसरी घेतली. दुसरीला सुदैवाने फिरकीची बुचे होती. प्रयोगशाळेतला हायड्रोमीटर आणून मी सहाही घटांतले आम्ल तपासले. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात भरलेल्या बॅटरीतल्या आम्लाची घनता १.२४ च्या आसपास असावी लागते. माझ्याकडे सहाही घटांत १.१३ भरली. यातले महत्त्वाचे ते 'सहाही' एवढेच. एखादाच घट मागे पडला असता तर दोष बॅटरीत आहे असे म्हणता आले असते. सगळे सारखेच रिकामे, याचा अर्थ कोणीतरी बाहेरून वीज नेत होते, किंवा गाडी ती भरून देत नव्हती.

आमच्या मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "सर, बॅटरी कशाला बदलतायसा? रात्रीचा करंट कुठं जातोय ते आधी बघूया की." त्यांनी सगळे दिवे बंद करून बॅटरीची ऋण बाजूची तार काढली आणि तार व खांब यांच्यामध्ये अँमीटर जोडला. पन्नास मिलिअँपिअर! काही वर्षांपूर्वी बसवलेल्या कारटेपची एक तार सरळ बॅटरीला जोडलेली होती आणि चावी काढली तरी तो आतून जागाच राहत होता. हिशेब बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करील. चोवीस तासांत १.२ अँपिअर-तास, तीस दिवसांत ३६. आमची बॅटरी चाळीसची. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी, आणि आम्ही दोष देत होतो दुकानदाराला.

दुसरी गोष्ट डायनॅमोची. आजच्या गाड्यांतला अल्टरनेटर इंजिन संथ फिरत असतानाही बऱ्यापैकी वीज देतो. जुन्या फियाटचा डायनॅमो तसा नाही. इंजिन मंद असले की तांबडा दिवा लागतो, म्हणजे त्या वेळी सगळा भार बॅटरीवर. पुढचे दोन व मागचे दिवे मिळून शंभर वॅट धरा. आठ अँपिअर होतात. बाजारातल्या गर्दीत संध्याकाळी अर्धा तास अडकलात तर चार अँपिअर-तास गेले. म्हणून इंजिन वेगात ठेवून बॅटरीच्या दोन खांबांवर व्होल्ट मोजावेत. आमच्याकडे १३.९ आले, ते ठीक. तेरापेक्षा कमी असतील तर पैसे बॅटरीवर न घालता पट्टा, डायनॅमोचे कार्बन ब्रश आणि कट-आऊट यांच्यावर घालावेत. उलट पंधराच्या वर जात असतील तर आम्लातले पाणी उडून जाते.

एवढे झाल्यावर मग निवड. बंद झाकणाच्या बॅटऱ्या नव्या गाड्यांसाठी उत्तम आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्यांतल्या पुष्कळांच्या जाळीत कॅल्शियम असते आणि पूर्ण भरायला त्यांना थोडा चढा व्होल्टेज लागतो. आमचा जुना रेग्युलेटर तेवढा देत नाही. आणि तो बिघडून जास्त देऊ लागला, तर बंद बॅटरीत पाणी तरी कसे घालणार? माझ्या मते जुन्या गाडीला बुचे उघडता येणारीच बॅटरी घ्यावी. महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर घालण्याचा त्रास आहे खरा. (डिस्टिल्डच. बाटलीतले पिण्याचे पाणी नव्हे, आणि आम्ल तर मुळीच नव्हे.)

दुकानात मला मोठी बॅटरी घेण्याचा आग्रह झाला. मोठ्या बॅटरीने सेल्फ जळतो असे काहीजण सांगतात, ते चूक. व्होल्ट बाराच असल्यावर सेल्फ आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेतो. पण लहान डायनॅमोला मोठे पिंप भरायला वेळ लागतो. शिवाय मोठी पेटी तिच्या तबकात नीट बसत नाही, आणि उंच असली तर बॉनेटचा पत्रा खांबाला टेकण्याची भीती. १०८९ सी.सी.च्या इंजिनाला पस्तीस-चाळीस अँपिअर-तास पुरतात. परदेशी पुस्तकांत कडाक्याच्या थंडीतील प्रवाहाचे आकडे देतात; ते उणे अठरा अंशांना मोजलेले असतात. बेळगावच्या थंडीला आम्ही कितीही नावाजले तरी तिची मजल तिथवर जात नाही.

धन खांब डावीकडे की उजवीकडे हे घरून पाहून जावे. उलटा आला तर तार पुरत नाही. फियाटची ऋण बाजू चॅसीला जोडलेली असते. त्या काळच्या अनेक इंग्रजी गाड्यांत मात्र धन बाजू जोडलेली असे, आणि काही जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या असत; ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी अंदाजाने काही करू नये. पेटीवरची तयार झाल्याची तारीख वाचावी आणि दुकानातच व्होल्ट मोजायला सांगावे. १२.४ पेक्षा कमी दाखवणारी बॅटरी कितीही नवी दिसली तरी फळीवर उपाशी बसलेली आहे.

आणखी एक गैरसमज. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी सुरू करून बंद करणे म्हणजे बॅटरीची सेवा, असे आम्ही वर्षानुवर्षे मानले. सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि उभ्या गाडीचा मंद डायनॅमो ते परत देत नाही. आता दर रविवारी सकाळी मी किल्ल्यापासून सांबऱ्यापर्यंत जाऊन येतो. वडील शेजारी बसतात आणि माझ्या गिअर बदलण्यावर टीका करतात. पावसाळ्यात तेही जमले नाही तर ऋण बाजूची तार काढून ठेवतो. ही तार नेहमी आधी काढायची आणि शेवटी जोडायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन पाहता ठिणगीशी खेळ नको.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली नाही. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदार तिची किंमत नव्या बिलातून वजा करतो. कारटेपची तार मिस्त्रींनी चावीच्या पलीकडे जोडून दिली. त्यांनी घेतले दीडशे रुपये.