दादांचं गाणं आणि नागपूरचा लक्ष्मण

हनुमान जयंतीला पहाटे भंडारा जिल्ह्यातल्या करडी-मोहाडी पट्ट्यात कुठल्याही गावात जा, मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून महेंद्र कपूर यांचा खणखणीत आवाज हमखास कानी पडतो. 'अंजनीच्या सुता' ऐकताना कुणाला सिनेमा आठवत नाही. बायाबापड्या हात जोडतात, पोरं प्रसादाच्या रांगेत त्याच गाण्यावर ताल धरतात. पण हे गाणं 'तुमचं आमचं जमलं' या १९७६ च्या चित्रपटातलं आहे आणि ते लिहिलं आहे दादा कोंडके यांनी. चाल राम लक्ष्मण यांची.

दादांचं नाव निघालं की गप्पा द्वयर्थी संवादांवर जातात, सेन्सॉरशी झालेल्या भांडणांवर जातात, लोंबत्या नाडीच्या चड्डीवर जातात. त्यांच्या गाण्यांची चर्चा फारशी होत नाही. माझं मत स्पष्ट आहे. दादा नट म्हणून मोठे होतेच, पण त्यांच्या सिनेमाला गावोगाव पाय फुटले ते गाण्यांमुळे. त्या गाण्यांसाठी माणसं निवडण्यात त्यांनी जी नजर दाखवली, तिचं श्रेय त्यांना अजून पुरतं मिळालेलं नाही.

दादांचा, म्हणजे कृष्णा कोंडके यांचा, जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईच्या गिरणगावातला. 'अपना बाजार'मध्ये नोकरी करता करता ते बँडपथकात रमले, मग सेवा दलाच्या कलापथकात शिरले. महाराष्ट्रभर फिरताना कुठल्या गावात लोक कशावर हसतात आणि कुठल्या ठेक्यावर मान डोलावतात, हे त्यांनी समोर बसलेल्या माणसांकडे बघत शिकून घेतलं. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने त्यांना नाव दिलं. हे वगनाट्य १९६५ मध्ये रंगमंचावर आलं आणि त्याचे हजारावर प्रयोग झाले. पुढचा दरवाजाही गाण्याच्याच माणसाने उघडला. आशा भोसले मुंबईत ते नाटक पाहायच्या. त्यांनी भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सुचवलं आणि १९६९ च्या 'तांबडी माती'त दादा पडद्यावर आले.

दोन वर्षांनी 'सोंगाड्या' आला. तो दादांनी स्वतः काढला होता. दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये हा मराठी सिनेमा लागावा म्हणून बाळासाहेब ठाकरे यांचे शिवसैनिक उभे राहिले, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. 'सोंगाड्या'चं संगीत राम कदमांचं होतं, हे मात्र कमी लोकांना आठवतं. हेच राम कदम पुढच्या वर्षी 'पिंजरा' गाजवणार होते. दादांच्या सुरुवातीच्या चित्रपटांत त्यांच्यासाठी गायले जयवंत कुलकर्णी. त्या गळ्यात तमाशाच्या फडाचा रांगडेपणा होता आणि शब्दामागचा खट्याळपणा त्यांना नेमका कळायचा.

नंतर दादांनी महेंद्र कपूर यांचा आवाज घेतला. अमृतसरचा पंजाबी गायक, हिंदीत देशभक्तीची आणि उंच पट्टीची गाणी गाणारा. तो भोळ्या खेडुताच्या तोंडी शोभेल असं कुणाला वाटलं असतं? दादांना वाटलं. त्यांच्या सिनेमाचा प्रेक्षक तंबूत, जत्रेत, उघड्यावर बसलेला असायचा. तिथे पत्र्याच्या कर्ण्यातून आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचायला हवा आणि शब्द फाटता कामा नये. महेंद्र कपूर यांचा मोकळा, भरदार गळा त्याला पुरून उरला. जोडीला उषा मंगेशकर. त्यांच्या आवाजातला लाडिक तोरा आणि कपूर यांचा भाबडा जोर यांतून जे सवाल-जवाब रंगले, त्यांनी दादांच्या सिनेमाचं अर्धं कथानक पेललं.

आता विदर्भाच्या माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट. विजय काशिनाथ पाटील हा नागपूरचा मुलगा. जन्म १९४२ चा. घरात वडील आणि काका यांच्याकडून संगीताचे धडे मिळाले आणि पुढे ॲकॉर्डियनवर त्याचा हात बसला. मुंबईत सुरेंद्र हेंद्रे या मित्रासोबत तो ऑर्केस्ट्रा करू लागला. दादांनी या दोघांना हेरलं, १९७५ च्या 'पांडू हवालदार'चं संगीत त्यांच्याकडे सोपवलं आणि जोडीला नाव दिलं राम लक्ष्मण. सुरेंद्र राम, विजय लक्ष्मण. पुढे राजश्रीचा 'एजंट विनोद' हाती आला, पण तो प्रदर्शित होण्याआधीच सुरेंद्र यांचं निधन झालं. विजय पाटलांनी मित्राचं नाव गाळलं नाही. 'मैंने प्यार किया'साठी १९८९ मध्ये देशभर गाजले तेही याच जोडनावाने, 'हम आपके हैं कौन'लाही तेच नाव. त्यामुळे राम लक्ष्मण ही दोन माणसं आहेत असं कित्येकांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २२ मे २०२१ रोजी नागपुरातच त्यांनी देह ठेवला.

दादा आणि विजय पाटील यांचं जमलं कशामुळे, हे एका गाण्यातून नीट दिसतं. 'ढगाला लागली कळ' हे १९७८ च्या 'बोट लावीन तिथं गुदगुल्या'मधलं गाणं घ्या. शब्द दादांचे. शब्द अगदी साधे, शेतावर बोलले जाणारे, आणि पावसाच्या थेंबांसारखे एकामागून एक पडणारे. धृपद इतकं आटोपशीर की एकदा ऐकलं की पाठ होतं. चाल फार वर जात नाही, फार खाली येत नाही. रोवणीला वाकलेल्या बाईलाही दम न लागता म्हणता येईल अशी. कडवं संपलं की धृपदावर परतण्याआधी ठेक्याला मोकळी जागा आहे. तिथे ढोलकीवाला हात दाखवतो आणि ऐकणारा टाळी देतो. वरातीतल्या बँडला तर ही जागा आयतीच मिळते. बँडपथकात वावरलेल्या माणसाने शब्द लिहिले आणि ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या माणसाने चाल बांधली, म्हणून ते असं उतरलं. रस्त्यात नाचणाऱ्याला काय लागतं हे दोघांनाही माहीत होतं. चाळीस वर्षांनी, २०१९ मध्ये, 'ड्रीम गर्ल' या हिंदी चित्रपटाला पुन्हा हेच गाणं घ्यावंसं वाटलं.

या गाण्यांना भंडारा जिल्ह्यात इतकं घरपण का मिळालं, याचं उत्तर आपल्या खडी गंमतीत आहे. दिवाळी झाली, हलका धान निघाला की वैनगंगेच्या दोन्ही अंगांना मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे आणि घरोघरी आलेल्या लेकी-जावयांची गर्दी. रात्री खडी गंमत, दंडार, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. खडी गंमतीत शाहीर उभ्याने गातो, बाईचं सोंग घेतलेला नाच्या त्याला अडवतो, टोमणा मारतो, प्रेक्षकांकडे वळून डोळा मारतो. ढोलकी त्या टोमण्यावर थाप देते. गण आधी, देवाचं नाव आधी, चावटपणा नंतर. एकाच रात्री, एकाच मांडवात दोन्ही. दादांनी मारुतीचं गाणं लिहिलं आणि गुदगुल्यांचंही लिहिलं, याचं शहरी समीक्षकांना नवल वाटलं असेल. मंडईत वाढलेल्या माणसाला त्यात वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं. भक्ती आणि थट्टा शेजारी बसवण्याची ही रीत लोककलेत दादांच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यांनी ती पडद्यावर नेली एवढंच, आणि तेवढ्यावर त्यांचे नऊ मराठी चित्रपट प्रत्येकी पंचवीस आठवडे चालले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

त्यांच्या सगळ्याच गाण्यांची भलामण मला करायची नाही. पुढच्या काळातल्या काही चित्रपटांत शब्दांची लय तीच राहिली, पण बाईच्या अंगावरच विनोद बेतण्याचा सोस वाढला. ती गाणी आज घरात लावताना संकोच वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण तेवढ्यावर सगळा माणूस निकालात काढणं अन्यायाचं आहे. दादा १४ मार्च १९९८ रोजी गेले. गीतकार म्हणून त्यांचा गंभीर अभ्यास मराठीत व्हायला हवा होता, त्या मानाने तो फारच थोडा झाला आहे.

मंडईच्या आयोजकांना आणि ऑर्केस्ट्राच्या निवेदकांना म्हणून एक विनंती आहे. यंदा करडीत, मोहाडीत, तुमसरात ही गाणी वाजतील तेव्हा माईकवर फक्त 'दादांचं गाणं' म्हणून सोडून देऊ नका. शब्द दादा कोंडके यांचे, संगीत राम लक्ष्मण यांचं, आणि त्यातले लक्ष्मण म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील, हे एवढं जरूर सांगा.