देवगिरीचा गड आणि मिठाची पोती

वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. दरवेळी तो एसटीच्या खिडकीतूनच बघायचो. यंदा आम्ही गटातल्या बायका मुद्दाम उतरलो.

छत्रपती संभाजीनगरपासून हा गड साधारण १५ किलोमीटरवर आहे. त्याचं जुनं नाव देवगिरी. बाराव्या शतकात यादव राजा पाचवा भिल्लम याने इथे राजधानी केली. १२९० साली ज्ञानेश्वरी लिहून झाली, तेव्हा इथे रामदेवराय यादवांचं राज्य होतं. दौलताबाद हे नाव पुढे मुहम्मद तुघलकाने दिलं. १३२७ साली त्याने दिल्लीची राजधानी इथे हलवली.

डोंगर सुमारे २०० मीटर उंच. खालचा कडा चहूबाजूंनी तासून भिंतीसारखा उभा केलेला, पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. पूल ओलांडला की 'अंधारी' लागते. ही काळोखी, वळणावळणाची भुयारी वाट. शत्रू आत शिरला की चाचपडायचा आणि मारा खायचा. आम्ही बॅटरी लावून, एकमेकींचा हात धरून वर गेलो.

असा गड नमला कसा? १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. यादवांची बरीच फौज राजपुत्राबरोबर बाहेर होती. रामदेवराय गडावर गेला. घाईघाईने पोतीही वर नेली. पुढे ती उघडली, तर धान्याऐवजी मीठ निघालं, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. कडा कुणी फोडला नाही. पोटाने दगा दिला. भरपूर सोनं-मोती देऊन राजाला तह करावा लागला.

गडावर आणखीही बघण्यासारखं आहे. पायथ्याजवळ बहमनी काळातला उंच चांदमिनार, भलामोठा हत्ती हौद, भारतमातेचं मंदिर. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथलेच किल्लेदार. त्यांचं स्थानही गडावर आहे. पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून सकाळी लवकर चढा. पाणी आणि बॅटरी जवळ ठेवा. माकडांपासून शिदोरी सांभाळा. गुडघे दुखत असतील, तर खालचा भाग बघूनही मन भरतं.

घरी आल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते गटाच्या कोठीतली पोती उघडण्याचं. वहीत सगळं ठीक होतं, पण दोन पोत्यांतल्या ज्वारीला कीड लागलेली. आता दर महिन्याला वहीबरोबर पोतीही तपासतो. तुमची कोठी शेवटची कधी उघडलीत, मैत्रिणींनो?