चूल कोणाच्या मापाची?

आपल्या घरी चार बर्नरची गॅसची शेगडी असेल, तर आज क्षणभर तिच्यापुढे उभे राहून पाहा. बर्नर दोन पुढे व दोन मागे, असे चौकोनात मांडलेले असतात. त्यांच्या चाव्या मात्र पुढच्या पट्टीवर एका ओळीत बसविलेल्या असतात. डावीकडून दुसरी चावी कोणत्या बर्नरची? उत्तर देण्यापूर्वी आपण किंचित थबकला असाल, तर त्यात आपला काही दोष नाही. १९५९ साली अमेरिकेत आल्फोन्स चापानिस व एल. लिंडेनबाउम या संशोधकांनी नेमकी हीच गोष्ट तपासून पाहिली होती. चार निरनिराळ्या रचनांच्या शेगड्या त्यांनी लोकांपुढे ठेवल्या. मागचे बर्नर थोडे बाजूला सरकवून प्रत्येक बर्नर आपल्या चावीच्या समोर येईल अशी जी रचना होती, तीत एकही चूक झाली नाही. इतर रचनांत चुका होत राहिल्या. माणसे तशीच साधी. फरक होता तो वस्तूच्या मांडणीत.

गॅसची चावी चुकली, तर फार तर दुधाऐवजी वरण तापेल. परंतु वस्तू घडविताना वापरणाऱ्याचा हात डोळ्यांपुढे नसेल, तर त्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. आपल्या देशातील निर्धूर चुलीची हकीकत या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखी आहे.

स्वयंपाकघरातील धूर हा आपल्याकडे नव्याने ध्यानात आलेला प्रश्न नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीतील ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी ‘मगन चूल’ प्रचारात आणली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतील एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल तयार केली आणि १९५३ साली कोट्यवधी घरांच्या निर्धूर स्वयंपाकघराविषयी एक पुस्तकच लिहिले. कल्पना सरळ होती. जाळ उघड्यावर न ठेवता झाकलेल्या मार्गाने एकामागून एक भांड्यांखालून न्यावयाचा आणि उरलेला धूर धुराड्यावाटे छपराबाहेर सोडावयाचा. सरपण वाचेल, घर काळे होणार नाही आणि गृहिणीचे डोळे शाबूत राहतील.

धुराचे प्रमाण किती भयंकर असते, हे मात्र पुढे मोजमापांनी कळले. कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच हवा तपासणारी उपकरणे बसविली. त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले, आणि चुलीपुढे बसलेली स्त्री मोठ्या शहरातील रस्त्यावरच्या माणसाहून कितीतरी पट दूषित हवा श्वासावाटे घेते, हे सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील अशा धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख लोक मृत्युमुखी पडले. न्यूमोनिया, दमेकऱ्यासारखी धाप लावणारे फुप्फुसांचे विकार, हृदयविकार, मोतीबिंदू, असा हा सगळा परिवार आहे.

तेव्हा १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, यात आश्चर्य नाही. २००२ साली तो केंद्राकडून थांबविण्यात आला, तोवर देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या होत्या. आकडा लहान नाही. तरीही त्यांतील कितीतरी चुली काही वर्षांतच मोडल्या, बदलल्या गेल्या किंवा नुसत्या पडून राहिल्या. असे का व्हावे?

या प्रश्नाचे एक उत्तर मला माझ्या आजोळी मिळाले. मी शाळेत असताना तेथे एका योजनेतून धुराड्याची चूल बसविण्यात आली होती. पुढच्या सुटीत गेलो, तेव्हा तिच्यावर कांद्याची टोपली ठेवलेली दिसली. शेजारी तीन दगडांची जुनी चूल धडधडत होती, आणि मामी डोळे पुसत फुंकणी फुंकत होती. मी शहाणपणाने विचारले, “मामी, नवी चूल का पेटवीत नाहीस?” ती म्हणाली, “तुझी नवी चूल लाकूड खात नाही, ढलपे खाते. ढलपे कोण फोडून देणार, तू?”

त्या एका वाक्यात किती गोष्टी होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. नव्या चुलीचे तोंड लहान होते. ते लहानच असावे लागते, कारण मोठ्या तोंडातून वारा आत घुसला की जाळ थंडावतो आणि धूर उलटा घरात येतो. प्रयोगशाळेत लाकूड बेताने कापलेले असते. खेड्यातील बाई डोक्यावरून मोळी आणते ती लांबच लांब काटक्यांची. तीन दगडांच्या चुलीत काटकीचे टोक आत सरकवीत राहिले, की काम भागते. नव्या चुलीसाठी तीच काटकी कोयत्याने तीन-चार ठिकाणी तोडावी लागते, आणि हे काम पुन्हा तिच्याच वाट्याला येते. म्हणजे चुलीने सरपण वाचविले, पण बाईची शक्ती खर्ची घातली. आखणी करणाऱ्याच्या हिशेबात लाकडाचे वजन होते, कोयता चालविणारा हात नव्हता.

दुसरी गोष्ट भाकरीची. ज्वारीची भाकरी तव्यावर शेकून झाली, की चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी करावी लागते. तेव्हाच ती टम्म फुगते. जाळ बंदिस्त झाला, की निखारे हाताशी येत नाहीत. हाच अनुभव निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या रूपाने येतो. पंजाबात फुलका निखाऱ्यावर फुगवितात, बिहारमध्ये लिट्टी गोवऱ्यांच्या आरात भाजतात. केरळातील भाताचे अवजड भांडे ठरावीक मापाच्या भोकावर बसत नाही, आणि भांडे नीट बसले नाही की त्या फटीतूनच धूर घरात येतो. हिमाचलच्या थंडीत तर चूल ही घर उबदार ठेवण्याचीही सोय असते. एकच साचा या सर्वांना पुरा पडावा, ही अपेक्षाच मोठी होती. शिवाय पहिल्या तोंडावर भाकरी आणि वैलावर आमटी रटरटत ठेवण्याची जी आपली जुनी पद्धत, तीत दोन्हीकडचा जाळ बाई काटक्या मागेपुढे करून सांभाळते. ते तिचे कौशल्य नव्या चुलीत बिनकामाचे झाले.

आणि धुराडे. त्यात काजळी साठते, ते झाडावे लागते, आणि त्यासाठी छपरावर चढावे लागते. छपरावर चढतो तो घरातील पुरुष. धूर मात्र खातो तो बाईचा जीव. ज्याला त्रास नाही त्याच्यावर दुरुस्ती अवलंबून ठेवली, तर ती उद्यावर पडणारच. आमच्या मामांनी तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी गळते म्हणून धुराड्याच्या तोंडात चिंधी कोंबली.

आपण म्हणाल, ही एका घराची गोष्ट झाली. परंतु ओडिशात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २,६०० कुटुंबांचा जो अभ्यास केला आणि जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यातही असेच चित्र दिसते. सुधारित चुलींमुळे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या श्वासातील धूर पहिल्या वर्षी कमी झाला. पुढे तो फरक नाहीसा झाला. प्रयोगशाळेत चूल चांगली होती. घरोघरी ती नियमितपणे पेटविली गेली नाही, नीट वापरली गेली नाही आणि तिची देखभालही झाली नाही. अशा वेळी ‘लोकांना शिक्षण हवे’ असे म्हणण्याचा आपल्याला मोह होतो. मला तो मोह धोक्याचा वाटतो.

भाषांतराचे काम करताना योजनांच्या पत्रकांत ‘लाभार्थी’ हा शब्द मला रोज भेटतो. शब्द सोयीचा आहे, पण त्यातली बाई फक्त घेणारी आहे. ती वस्तू वापरणारी, तिची पारख करणारी आणि नापसंत पडल्यास तिच्यावर कांद्याची टोपली ठेवणारी आहे, हे त्या शब्दात येत नाही.

वेगळ्या वाटेने गेलेले प्रयत्नही आपल्याकडे झाले आहेत. १९८० च्या सुमारास चंडीगडजवळील नाडा या खेड्यात वास्तुविशारद मधू सरीन यांनी गावातील स्त्रियांबरोबर बसून चूल घडविली. तिला पुढे ‘नाडा चूल’ असेच नाव पडले. चूल बांधण्याचे शिक्षण गावच्या स्त्रियांनाच देण्यात आले. माती, भुसा आणि शेण हे त्यांच्या नित्याच्या हाताळणीतले साहित्य. ज्या घरची चूल, त्या घरची भांडी समोर ठेवून तोंडांचे माप घ्यावयाचे. बांधणारी स्वतः स्वयंपाक करणारी असल्याने कोठे काय अडते, हे तिला सांगावे लागत नाही. आणि भेग पडली तर लिंपण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमातही ही चूल घेतली गेली. मात्र जेथे ठरावीक मुदतीत ठरावीक संख्या गाठावयाची असते, तेथे घरोघरी भांडी मोजीत बसण्यास सवड कोणाला असणार?

१ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी घरांत गॅसची जोडणी पोहोचली. धुराच्या दृष्टीने गॅसची सर कोणत्याही सुधारित चुलीला येणार नाही, हे निर्विवाद आहे. एकदम मोठ्या सिलिंडरचे पैसे जुळवणे ज्यांना जड जाते, त्यांच्यासाठी पाच किलोचा लहान सिलिंडर ठेवला, ही वापरणाऱ्याची अडचण ओळखून केलेली सोय होय. तरीही अनेक घरांत गॅस आणि चूल शेजारी शेजारी नांदतात. सिलिंडरची किंमत हे मोठे कारण खरेच. पण ते एकटे नाही. शेगडी सिलिंडरहून उंच ठेवावी, असा सुरक्षिततेचा नियम आहे. जन्मभर जमिनीवर बसून भाकरी थापलेल्या बाईला त्यासाठी उभे राहावे लागते, ओटा लागतो, परात ठेवण्यास जागा लागते.

गेल्या दिवाळीत आजोळी गेलो होतो. मामीचा मोतीबिंदू काढून झाला आहे. चहा, दूध, भात आणि भाजी आता गॅसवर होते. त्यासाठी मामांनी शहाबादी फरशीचा ओटा बांधून घेतला आहे. मी तो हाताने मोजला. त्याची उंची मामांच्या कमरेला बरोबर होती. मामी त्यांच्याहून वीतभर बुटकी आहे. ती लाकडी पाटावर उभी राहून आमटी ढवळीत होती. भाकरीची वेळ झाली, तशी पाट उचलून ती मागच्या पडवीत गेली, तो चुलीपुढे ठेवून त्यावर बसली आणि तिने काटक्या पेटविल्या.